बुरुंडीचा इतिहास आणि हुतू-तुत्सी संघर्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य आफ्रिकेतील हिंसाचाराचा विषय निघाला की मराठी वाचकाला रवांडा आठवतो. त्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या बुरुंडीतही वेगवेगळ्या काळांत लाखो माणसे मारली गेली, परंतु त्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे. या देशाबद्दल वारंवार पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

बुरुंडी नेमका कोठे आहे आणि केवढा आहे?

बुरुंडीचे क्षेत्रफळ सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या एकदशांशाहूनही कमी. उत्तरेला रवांडा, पूर्वेला आणि दक्षिणेला टांझानिया, पश्चिमेला काँगो आणि नैर्ऋत्येला टांगानिका सरोवर अशा सीमांमध्ये हा डोंगराळ देश वसला आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. सरोवराकाठचे बुजुंबुरा हे सर्वांत मोठे शहर असून २०१९ पासून देशाच्या मध्यभागी असलेले गितेगा ही राजकीय राजधानी आहे. लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास आहे आणि बहुसंख्य लोक शेतीवर जगतात. ग्रामीण वस्ती टेकड्यांवर विखुरलेली असते, त्यामुळे माणसाची ओळख गावापेक्षा टेकडीवरून सांगितली जाते. कॉफी आणि चहा ही जुनी निर्यातपिके आहेत. जमीन थोडी आणि माणसे फार, ही गोष्ट पुढच्या बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी आहे.

हुतू आणि तुत्सी हे दोन वेगळे वंश आहेत का?

दोघांची भाषा एकच आहे, किरुंडी. धर्म, देवदेवता, विवाहाच्या रीती, राजा आणि टेकडी हे सारे सामायिक होते. दोघांमध्ये लग्ने होत आली आणि अपत्याची ओळख पित्यावरून ठरत आली. रूढ समजुतीप्रमाणे हुतू शेती करणारे आणि तुत्सी गुरे पाळणारे होते, परंतु प्रत्यक्षात अनेक हुतूंकडे गुरे होती आणि बहुतेक तुत्सी शेतीच करत असत. नेहमी दिले जाणारे प्रमाण हुतू ८५ टक्के, तुत्सी १४ टक्के आणि त्वा नावाचा तिसरा छोटा समाज १ टक्का असे आहे. हे आकडे वसाहतकाळातील अंदाजांवरून चालत आले आहेत आणि ते अंदाज म्हणूनच वाचावेत.

तुत्सी उंच आणि सडपातळ, हुतू ठेंगणे आणि रुंद बांध्याचे, ही प्रतिमा युरोपीय अधिकाऱ्यांनी आणि मिशनऱ्यांनी पक्की केली. चेहऱ्यावरून ओळख ठरवणे इतके अविश्वसनीय होते की हत्याकांडांच्या काळात मारेकऱ्यांना अनेकदा शेजाऱ्यांकडून माहिती किंवा नावांच्या याद्या लागत असत. तरीही हे भेद पूर्णपणे बनावट होते असे म्हणणे मला पटत नाही. ते जुने होते. मात्र त्यांच्यामुळे माणसे मारली जावीत असा अर्थ त्यांना विसाव्या शतकात मिळाला.

मग राजेशाहीच्या काळात सत्ता कोणाच्या हाती होती?

बुरुंडीचा राजा ‘म्वामी’ म्हणवला जाई, आणि राजघराण्यातील सरदारांचा ‘गान्वा’ नावाचा एक स्वतंत्र वर्ग होता. परंपरेने गान्वा स्वतःला हुतूही मानत नसत आणि तुत्सीही मानत नसत. एकोणिसाव्या शतकात चौथा न्तारे याने राज्याचा मोठा विस्तार केला. त्यानंतर मुख्य राजकीय झगडा राजाच्या वंशजांच्या दोन शाखांमध्ये, बेझी आणि बातारे यांच्यात, होता. राजाला आणि सरदारांना जमिनीवर राहणाऱ्या लोकांचा पाठिंबा लागे, आणि तो मिळवण्यासाठी त्यांना हुतू व तुत्सी या दोघांकडेही जावे लागत असे. टेकडीवरील तंटे ‘बाशिंगान्ताहे’ म्हणजे निवडलेले प्रतिष्ठित वडीलधारे सोडवत, आणि त्यांच्यात दोन्ही समाजांचे लोक असत.

हे सुवर्णयुग नव्हते. गुरे देऊन बदल्यात सेवा घेण्याची ‘उबुगाबिरे’ नावाची पद्धत होती आणि तिच्यात वरचा व खालचा हे स्पष्ट होते. त्वा समाजाला तर सर्वांनीच दूर ठेवले होते. परंतु हुतूंनी तुत्सींची किंवा तुत्सींनी हुतूंची सामूहिक कत्तल केल्याचा जुना इतिहास बुरुंडीत सापडत नाही. ‘शतकानुशतकांचे वैर’ हे वर्तमानपत्री वाक्य म्हणूनच चुकीचे आहे, आणि ते घातकही आहे, कारण त्यामुळे ज्यांनी प्रत्यक्ष आदेश दिले ते सुटतात.

जर्मन आणि बेल्जियन राजवटीने काय बदलले?

राजा म्वेझी गिसाबो याने जर्मनांना काही वर्षे तोंड दिले आणि १९०३ मध्ये किगांडा येथील तहाने त्यांची सत्ता मान्य केली. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, बेल्जियमच्या सैन्याने हा प्रदेश घेतला. पुढे राष्ट्रसंघाने रवांडा आणि बुरुंडी मिळून ‘रुआंडा-उरुंडी’ हा प्रदेश बेल्जियमच्या हवाली केला.

बेल्जियनांनी राजाला ठेवले, परंतु कारभाराची पुनर्रचना करताना सरदारक्यांची संख्या घटवली आणि हुतू प्रमुखांना जवळजवळ पूर्णपणे बाजूला सारले. पदे गान्वा आणि तुत्सी घराण्यांकडे गेली. रवांडातील अस्त्रिदा येथील ज्या शाळेत भावी अधिकारी तयार होत, तेथेही हीच निवड चालली. ‘राज्य करण्यास जन्मलेला वंश’ ही युरोपीय कल्पना अशा रीतीने शाळेच्या प्रवेशात आणि नोकरीच्या नेमणुकीत उतरली. स्वातंत्र्याच्या वेळी शिकलेला वर्ग कोणाचा असेल हे तेव्हाच ठरून गेले.

राजपुत्र रवागासोरे यांना आजही एवढे महत्त्व का दिले जाते?

लुई रवागासोरे हे राजा चौथा म्वाम्बुत्सा यांचे थोरले पुत्र. त्यांनी ‘उप्रोना’ हा पक्ष उभारला, त्यात हुतू आणि तुत्सी दोघांनाही घेतले, आणि स्वतः एका हुतू स्त्रीशी विवाह केला. बेल्जियन प्रशासनाचा कल ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाकडे होता, तरी सप्टेंबर १९६१ च्या निवडणुकीत उप्रोनाने ६४ पैकी ५८ जागा जिंकल्या. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, १३ ऑक्टोबर १९६१ रोजी, सरोवराकाठच्या एका उपाहारगृहात त्यांना गोळी घालण्यात आली. मारेकरी ग्रीक नागरिक होता, आणि कटामागे प्रतिस्पर्धी पक्षातील गान्वा नेते होते. त्यांपैकी काहींना पुढे फाशी झाली.

ही हत्या राजघराण्याच्या शाखांमधील जुन्या चुरशीतून झाली, हुतू-तुत्सी वादातून नव्हे. परिणाम मात्र त्या वादावरच झाला. दोन्ही समाज ज्याला आपला मानत असा नेता गेला आणि त्याच्या पक्षाचा वारसा कोणाचा यावरून उप्रोनाचे दोन गट पडले. १ जुलै १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला तो या पोकळीत.

रवांडातील घडामोडींचा बुरुंडीवर किती परिणाम झाला?

फार मोठा, आणि दोन्ही दिशांनी. १९५९ पासून रवांडात हुतू क्रांती होऊन तुत्सी राजेशाही गेली आणि हजारो तुत्सी निर्वासित बुरुंडीत आले. बुरुंडीतील तुत्सी पुढाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि बहुमताच्या राज्यात आपलेही असेच होईल असे मानले. हुतू पुढाऱ्यांपैकी काहींना तीच क्रांती अनुकरणीय वाटली. एकाची आशा ती दुसऱ्याची भीती झाली.

१५ जानेवारी १९६५ रोजी नुकतेच पंतप्रधान झालेले हुतू नेते पिएर न्गेन्दान्दुम्वे यांची हत्या झाली. नवजात बाळाला आणि पत्नीला भेटून ते रुग्णालयातून बाहेर पडत होते. गोळी झाडणारा रवांडातील तुत्सी निर्वासित होता. त्याच वर्षी मे महिन्यातील निवडणुकीत हुतू उमेदवारांनी ३३ पैकी २३ जागा जिंकल्या, तरी राजाने गान्वा वर्गातील आपल्या विश्वासू माणसाला पंतप्रधान नेमले. ऑक्टोबरमध्ये हुतू अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि तो फसला. सूड म्हणून निवडून आलेले बहुतेक हुतू पुढारी गोळ्या घालून मारण्यात आले. राजा देश सोडून गेला. नोव्हेंबर १९६६ मध्ये कॅप्टन मिशेल मिकोम्बेरो यांनी राजेशाही संपवून प्रजासत्ताक घोषित केले.

मिकोम्बेरो दक्षिणेतील बुरुरी प्रांतातल्या रुतोवूचे, तुत्सींच्या हिमा या उपगटातले. त्यांच्यानंतर १९७६ मध्ये सत्ता घेणारे ज्याँ-बाप्तिस्त बागाझा आणि १९८७ मध्ये घेणारे पिएर बुयोया हेही रुतोवूचेच. म्हणजे ‘तुत्सी राजवट’ म्हणून जिचा उल्लेख होतो ती प्रत्यक्षात एका प्रांतातील लष्करी गटाची राजवट होती. इतर भागांतील तुत्सीही तिच्याकडे संशयाने पाहत, आणि १९७१ मध्ये त्यांच्यातील काहींवर कटाचा खटलाही भरण्यात आला होता.

१९७२ मध्ये काय घडले?

बुरुंडीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला गेलेला प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

२९ एप्रिल १९७२ च्या रात्री दक्षिणेत, रुमोंगे आणि न्यांझा-लाकच्या परिसरात, हुतू बंडखोरांनी हल्ले केले आणि अनेक तुत्सी नागरिकांना ठार मारले. त्याच दिवशी मिकोम्बेरो यांनी मंत्रिमंडळ बरखास्त केले होते. युगांडातून एक महिन्यापूर्वीच परत आणून गितेगा येथे नजरकैदेत ठेवलेला अखेरचा राजा, म्वाम्बुत्सा यांचा मुलगा पाचवा न्तारे, त्याच रात्री मारला गेला. बंड काही दिवसांत, झाईरेच्या (आजच्या काँगोच्या) सैन्याच्या मदतीने, मोडून काढण्यात आले.

त्यानंतर जे झाले त्याचा बंडाशी थेट संबंध उरला नव्हता. लष्कराने आणि सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेने देशभर शिकलेल्या हुतूंना उचलायला सुरुवात केली. शिक्षक, लिपिक, परिचारक, धर्मगुरू, लष्करातील हुतू सैनिक, विद्यापीठातील विद्यार्थी आणि माध्यमिक शाळांतील मुलेसुद्धा त्यात होती. वर्गात नावे पुकारली जात, मुलांना ट्रकमध्ये बसवले जात असे, आणि ती परत येत नसत. एप्रिलच्या अखेरपासून पुढचे काही महिने हे चालले. मृतांचे अंदाज १ लाखापासून ३ लाखांपर्यंत आहेत. सुमारे दीड लाख लोक, मुख्यतः टांझानियात, पळून गेले. किरुंडीत या काळाला ‘इकिझा’ म्हणतात. अरिष्टासाठीचाच तो शब्द आहे.

मारलेल्यांची खाती गोठवली गेली, घरे आणि वाहने जप्त झाली, विधवांना ‘गद्दारांच्या बायका’ म्हणून हिणवण्यात आले. उघड शोक करण्याची सोय नव्हती. एका पिढीतील हुतू आईबापांनी मुलांना शाळेत पाठवायचे टाळले, कारण शिकणे म्हणजे यादीत नाव येणे हे त्यांनी पाहिले होते. शीतयुद्धाच्या काळात कोणत्याही मोठ्या देशाने यावर ठोस कारवाई केली नाही आणि आफ्रिकी एकता संघटनेने मिकोम्बेरो यांच्या सरकारला पाठिंबा व्यक्त केला. एकाही अधिकाऱ्यावर खटला चालला नाही. पुढच्या तीस वर्षांत जे झाले त्याचे मूळ मला इतर कशाहीपेक्षा या शिक्षा न होण्यात आणि लादलेल्या मौनात दिसते. ज्यांचे नातलग मारले गेले ते विसरले नाहीत. ज्यांच्या नावाने मारले गेले ते सामान्य तुत्सी शेतकरी, ज्यांचा यात हात नव्हता, तेही पुढे सूडाच्या भीतीत जगले.

त्यानंतर शांतता होती का?

वरवर होती. बागाझा यांच्या काळात वांशिक ओळखीचा उच्चार करणेही गुन्ह्यासारखे मानले जाई. तेव्हा शाळा, लष्कर आणि वरिष्ठ नोकऱ्या मात्र बहुतांशी तुत्सींच्याच हाती होत्या. टांझानियातील निर्वासित छावण्यांमध्ये १९८० मध्ये ‘पालिपेहुतू’ ही हुतूंची संघटना उभी राहिली. ऑगस्ट १९८८ मध्ये उत्तरेतील न्तेगा आणि मारांगारा येथे हुतूंनी तुत्सी शेजाऱ्यांना मारले आणि लष्कराने त्याच्या कित्येक पटींनी हुतू मारले.

या वेळी मात्र बाहेरच्या देशांनी दडपण आणले. बुयोया यांनी हुतू पंतप्रधान नेमला, निम्मे मंत्रिमंडळ हुतूंना दिले, १९९१ मध्ये राष्ट्रीय एकतेची सनद सार्वमताने मंजूर करून घेतली आणि १९९२ च्या संविधानाने अनेक पक्षांना वाट मोकळी केली. लष्कराला त्यांनी हात लावला नाही, आणि नेमके तेच पुढे महागात पडले.

पहिला निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष सुमारे शंभर दिवसांतच कसा मारला गेला?

१ जून १९९३ च्या निवडणुकीत ‘फ्रोडेबू’ पक्षाचे मेल्किओर न्दादाये यांनी सुमारे ६५ टक्के मते मिळवून बुयोया यांचा पराभव केला. न्दादाये हुतू होते. १९७२ मध्ये विद्यार्थी असताना ते रवांडात पळून जाऊन वाचले होते. सूडाची अपेक्षा करणाऱ्यांना त्यांनी निराश केले. उप्रोनाच्या तुत्सी अर्थतज्ज्ञ सिल्वी किनिगी यांना त्यांनी पंतप्रधान केले, आणि मंत्रिमंडळातही तुत्सींना मोठा वाटा दिला. परंतु प्रशासनातील पदे बदलू लागली, जुने निर्वासित परतून जमिनी मागू लागले, आणि लष्करातील भरतीची रीत बदलण्याची चर्चा सुरू झाली.

२१ ऑक्टोबर १९९३ रोजी सैनिकांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर हल्ला करून न्दादाये यांना एका लष्करी छावणीत नेले आणि ठार मारले. संसदेचे अध्यक्ष पोन्तिएन कारिब्वामी यांनाही मारले, म्हणजे संविधानाप्रमाणे जागा घेणारा वारसही उरला नाही. बातमी पसरताच अनेक प्रांतांत रस्त्यांवर झाडे आडवी पाडून तुत्सी शेजाऱ्यांच्या कत्तली सुरू झाल्या. किबिम्बा येथे तुत्सी विद्यार्थ्यांना एका पेट्रोल पंपाच्या इमारतीत कोंडून जाळण्यात आले. लष्कराने उलट हुतू वस्त्यांवर सूड उगवला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने १९९६ मध्ये तुत्सींविरुद्ध वंशसंहाराची कृत्ये घडल्याचा निष्कर्ष काढला.

बुरुंडीविषयी बोलताना एक पथ्य पाळावे लागते. १९७२ सांगताना १९९३ गाळणारा आणि १९९३ सांगताना १९७२ गाळणारा, दोघेही अर्धेच सांगत असतात; दुर्दैवाने देशातील राजकारण दीर्घकाळ अशा अर्ध्या कथनांवरच चालले.

यादवी युद्ध किती काळ चालले?

१९९३ पासून जवळपास २००५ पर्यंत, आणि एका गटापुरते त्यानंतरही. ६ एप्रिल १९९४ रोजी किगालीत पाडण्यात आलेल्या विमानात रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांबरोबर बुरुंडीचे नवे राष्ट्राध्यक्ष सिप्रिएन न्तार्यामिरा हेही होते. रवांडातील वंशसंहार त्यानंतर सुरू झाला. बुजुंबुरातील मिश्र वस्त्या एकेक करून फुटल्या: कामेंगेसारखे भाग हुतूंचे, न्याकाबिगा आणि मुसागासारखे तुत्सींचे झाले. १९९६ मध्ये बुयोया पुन्हा लष्करी बंडाने सत्तेवर आले. हुतू ग्रामस्थांना लाखोंच्या संख्येने पहाऱ्यातील छावण्यांमध्ये हलवण्यात आले. मृतांची संख्या सर्वसाधारणपणे ३ लाख सांगितली जाते.

याच काळातील एक घटना बुरुंडीत अजून आदराने सांगितली जाते. ३० एप्रिल १९९७ रोजी बुता येथील धर्मशिक्षणाच्या शाळेवर बंडखोर चालून आले आणि विद्यार्थ्यांना हुतू व तुत्सी असे वेगळे उभे राहण्यास सांगितले. मुलांनी नकार दिला. चाळीस जण मारले गेले.

आरुशा करारात काय ठरले, आणि ते आपल्याकडील आरक्षणासारखे आहे का?

टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांनी मध्यस्थी सुरू केली. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर नेल्सन मंडेला यांनी ती पुढे नेली आणि २८ ऑगस्ट २००० रोजी टांझानियातील आरुशा येथे शांतता करारावर सह्या झाल्या. मुख्य सशस्त्र गट त्यात नव्हते. त्यांच्यातील सर्वांत मोठ्या गटाशी २००३ मध्ये समझोता झाला.

२००५ च्या संविधानाप्रमाणे कनिष्ठ सभागृहात ६० टक्के हुतू, ४० टक्के तुत्सी आणि तीन त्वा सदस्य असतात, स्त्रियांचे प्रमाण किमान ३० टक्के असते, वरिष्ठ सभागृह निम्मे-निम्मे असते, आणि लष्करात कोणत्याही एका समाजाचे प्रमाण निम्म्याहून अधिक असू शकत नाही. आपल्याकडील आरक्षणाचा आधार वंचितांना संधी हा आहे. येथील कोट्याचा आधार सुरक्षितता हा आहे: बहुसंख्याकांना संसदेत राज्य करता यावे आणि अल्पसंख्याकांना लष्कराची भीती वाटू नये. लष्करासंबंधीचे कलम मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते. पूर्वीचे बंडखोर आणि सैनिक एकाच तुकडीत आले, पक्षांना दोन्ही समाजांचे उमेदवार द्यावे लागले, आणि ज्या देशात ओळखीचा उच्चार निषिद्ध होता तेथे ती मोकळेपणाने मोजली व वाटली गेली. रवांडाने नेमका उलटा मार्ग घेतला: तेथे ओळखीचा सार्वजनिक उल्लेखच टाळला जातो.

त्वा समाजाचे काय?

ते पूर्वापार कुंभारकाम आणि शिकार करत आले. जंगले गेली, मातीच्या भांड्यांची जागा प्लास्टिकने घेतली, आणि जमीन त्यांच्या नावावर कधी नव्हतीच. संसदेतील तीन जागांपलीकडे त्यांचा विचार क्वचितच होतो.

२०१५ चा संघर्ष हुतू-तुत्सी संघर्ष होता का?

मुख्यतः नव्हता. २००५ पासून राष्ट्राध्यक्ष असलेले पूर्वीचे बंडखोर नेते पिएर न्कुरुन्झिझा यांनी तिसऱ्यांदा उभे राहण्याचे ठरवल्यावर एप्रिल २०१५ मध्ये बुजुंबुरात निदर्शने झाली, आणि त्यांत दोन्ही समाजांचे तरुण होते. मे महिन्यात बंडाचा प्रयत्न करणारे जनरल निओम्बारे स्वतः हुतू आणि सत्ताधारी पक्षातलेच होते. त्यानंतरच्या दडपशाहीत शेकडो लोक मारले गेले आणि सुमारे ४ लाख देश सोडून गेले. सत्ताधाऱ्यांनी आणि त्यांच्या ‘इम्बोनेराकुरे’ या युवक संघटनेने जुनी वांशिक भाषा पुन्हा वापरण्याचा प्रयत्न केला, परंतु सामान्य माणसे पूर्वीसारखी एकमेकांवर तुटून पडली नाहीत. आरुशाचे हे यश पुरेसे मान्य केले जात नाही.

जमिनीचा प्रश्न सुटला आहे का?

नाही. १९७२ मध्ये पळालेल्यांच्या जमिनी रुमोंगे आणि न्यांझा-लाकच्या सुपीक पट्ट्यात सरकारने इतरांना दिल्या. तीस-पस्तीस वर्षांनी मूळ मालक परतले तेव्हा तेथे दुसरी पिढी नांगर धरून होती आणि तिच्याकडे सरकारी कागदही होते. २००६ मध्ये नेमलेल्या भूमी आयोगाने आधी वाटणी सुचवली आणि नंतर मूळ मालकाकडे झुकते माप दिले. दोन्ही वेळा कोणी ना कोणी बेघर झाले. टांझानियाने १९७२ च्या दीड लाखांहून अधिक निर्वासितांना नागरिकत्व दिल्यामुळे हा भार काहीसा हलका झाला.

आज परिस्थिती काय आहे?

न्कुरुन्झिझा यांचे जून २०२० मध्ये निधन झाले आणि एव्हारिस्त न्दायिशिमिये राष्ट्राध्यक्ष झाले. सत्य व समेट आयोगाने देशभर सामूहिक दफनस्थळे उकरली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये १९७२ च्या हत्याकांडाला वंशसंहार म्हणून घोषित केले. पन्नास वर्षांनी हे झाले ते योग्यच झाले, परंतु १९९३ मध्ये मारल्या गेलेल्या तुत्सींच्या कुटुंबांना आपली पाळी केव्हा येणार हे विचारावे लागते, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे.

२०१८ च्या नव्या संविधानाने वांशिक कोटे ठेवायचे की संपवायचे याचा आढावा घेण्याचे काम वरिष्ठ सभागृहाकडे दिले आणि २०२३ मध्ये तो आढावा सुरू झाला. २०२५ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने थेट निवडल्या जाणाऱ्या सर्व १०० जागा घेतल्या. एकाच पक्षाच्या यादीतून येणारा तुत्सी सदस्य आपल्या समाजाचा प्रतिनिधी की त्या पक्षाचा, हा बुरुंडीतील आताचा वाद आहे. कोटा कागदावर राहिला तरी विरोधी पक्षच उरला नाही तर त्याचे संरक्षण नाममात्र ठरते; आणि लष्करातील समतोल बदलला, तर आरुशात जे मिळवले त्याचा सर्वांत भक्कम भाग जाईल.